पहिली सुई आईनं घेतली

मंडळी, माझी आई कंधारजवळच्या आमच्या गावात आशाताई आहे. आज उपकेंद्रात सरकारची फ्लूची लस फुकट होती. आरोग्य कर्मचारी, गरोदर बाया अन् शुगर-बीपीवाले, सगळ्यांना.

घरातली गोष्ट सांगतो, आईला सुईची लई भीती. गावाला लसीसाठी गोळा करणारी ही बाई स्वतः तापात गोळीवरच भागवते.

सकाळी तिनं बोलावलेली माणसं आली, पण भिंतीला टेकून नुसती बसली. शेवटी शेजारच्या गयाबाई म्हणाल्या, "आधी तू घे. तुला काई झालं न्हाई तर आमी घेतो."

आई खुर्चीत बसली. उजव्या हातानं भाकरी थापायची असते म्हणून डावा दंड पुढं केला, डोळे मिटले अन् गयाबाईंचा हात गच्च धरला.

गयाबाई हसल्या नाहीत. सुई झाल्यावर त्याच खुर्चीत बसल्या अन् म्हणाल्या, "आता तू माझा धर."

मग रांगच लागली. आई दुपारपर्यंत एकेकीचा हात धरून उभी होती.

आत्ता दंड चोळत म्हणते, "मी घाबरले व्हते ते कुणाला सांगू नको."

तिला वाटतं, आज तिची फजिती झाली. तुम्हीच सांगा तिला, काय झालं ते.