शिवेपल्याडचं दूध

मी चहा कोराच पिते. घरातली माणसं हसतात, दुधाला काय झालंय म्हणतात, आणि मी सवय म्हणून सांगून विषय टाळते. खरं कारण सांगायला बसलं की अजून शिसारी येते. ती दुधाची नाही, माणसाची येते.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती आणि आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. राज्यं बदलली तरी माझ्या सासरी हुकूम एकाचाच चाले, मामंजींचा. गावातही त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. माझे यजमान शाळेत मास्तर होते, पण घरात त्यांची शाळा कुणी भरू देत नसे. येडशी स्टेशनावरून शिळं वर्तमानपत्र आणायचं आणि संध्याकाळी ओसरीवर मोठ्यानं वाचायचं, एवढीच त्यांना मुभा होती.

असंच एकदा त्यांनी वाचलं की परदेशात अणूच्या भट्टीला आग लागली. धूर निघून गेला, पण त्याबरोबर काहीतरी न दिसणारं गवतावर पडलं. सरकारनं नकाशावर भट्टीभोवती हद्द आखली आणि त्या हद्दीतल्या गोठ्यांमधलं सगळं दूध ओतून दिलं. मामंजी बशीतला चहा फुरकत होते. ते इतके हसले की चहा धोतरावर सांडला. "येडी हायत ती. दूध कुणी ओततं व्हय?" असं म्हणून त्यांनी अजून कपभर चहा मागवला. मी आत चुलीपाशी होते. मलाही हसू आलं, उगाच कशाला खोटं बोला.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याच गावात आग लागली. गावाच्या कडेला निजामी अमलातलं जुनं ठाणं होतं. ते रिकामंच पडलेलं, म्हणून टोळांवर मारायच्या विषारी पावडरीची पोती त्यात आणून ठेवली होती. एका दुपारी ते पेटलं. कसं पेटलं ते कुणी सांगितलं नाही आणि आपण विचारायचंही नव्हतं. पांढरट पिवळा धूर निघाला, जीभ कडू झाली, डोळ्यांतून पाणी थांबेना. संध्याकाळी ठाण्यामागच्या लिंबाखाली साळुंक्या मरून पडल्या होत्या. शेजारच्या गायरानावर पीठ भुरभुरावं तशी राख बसली होती, आणि गावची सगळी जनावरं त्याच गायरानावर चरायची.

धाराशिवहून एक साहेब आले. नाकाला रुमाल लावून हिंडले आणि चुन्याची रेघ आखायला लावली. रेघेच्या आतली घरं पाऊस होऊन जाईपर्यंत खाली करायची, गावातल्या जनावरांचं दूध कुणी प्यायचं नाही, विकायचं नाही, आणि अर्धी जळालेली पोती, राख, वरची माती खरवडून गायरानात खोल खड्ड्यात पुरायची, असं त्यांनी बजावलं. बोलणं चोख होतं. पण साहेब आमच्याकडे मटणाचं जेवण जेवले, आणि दुपारनंतर ती चुन्याची रेघ आमच्या गोठ्याच्या भिंतीपर्यंत नीट येऊन तिथं वाकली. आमचं घर बाहेर राहिलं. आमच्यापेक्षा ठाण्यापासून लांब असलेलं चाचीचं घर आत गेलं. ही चाची म्हणजे शेजारची मुसलमान विधवा, दोन शेळ्या आणि शिवणाचं मशीन एवढाच तिचा पसारा. तिनं मशीन डोक्यावर घेतलं, शेळ्या पुढं घातल्या आणि शिवेजवळ रानात खोप घालून राहायला गेली. प्लेगात गाव बाहेर पडायचं तसं तिच्याबरोबर आणखी काही घरं गेली. आमच्या ओसरीवरून त्यांना जाताना बघत मामंजी पान लावत होते.

आमच्या म्हशींचं दूध मात्र ओतलं गेलं नाही. गोठ्यामागं दिवसभर कढई चढायची, दूध आटवायचं आणि खवा शेजारच्या वाशीच्या बाजाराला जायचा. आटवल्यावर विष उडून जातं, असं मामंजी म्हणायचे. मग घरात का नको, असं यजमानांनी एकदाच विचारलं. घरात पोरंबाळं हायत, असं उत्तर मिळालं. वाशीच्या माणसांना पोरंबाळं नसावीत. त्या खव्याचा गोड वास घरभर यायचा.

माझी मुलगी तेव्हा पाळण्यातली. बाळंतपणात ताप येऊन माझं दूध आटलं होतं, पोर म्हशीच्या दुधावर होती. गावातलं दूध बंद झाल्यावर मी यजमानांकरवी माहेरी सांगावा धाडला. माझं माहेर लांब नव्हतं. आमच्या शिवेवर एक ओढा, ओढ्यापलीकडं माहेरची शीव. आईची एकच म्हैस होती, ती त्याच ओढ्याला पाणी प्यायची आणि काठानं चरायची. वडील रोज सकाळी तिचं दूध चरवीत घालून, वर ओलं फडकं बांधून चालत आणून द्यायचे. पोरीला त्यातलं पाजायचं. पण चरवी घरात आली की आधी मामंजींचा चहा त्या दुधाचा व्हायचा, मग सासूबाईंचा, मग पाहुण्यांचा. पोरीसाठी उरेल तेवढं उरेल. मी आतल्या आत जळफळायचे.

इकडं खड्डा काही होईना. खाली सगळा कातळ, कुदळ टणकन उडायची. कुणी म्हणालं, गायरान सोडून मऊ जमिनीत खणू. मऊ जमीन बहुतेक मामंजींची, तिथं त्यांची विहीर. ती गोष्ट त्यांनी तिथंच मोडून काढली. मग त्यांनी मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं.

आमच्याकडे पटकी आली, देवी आल्या की मरीआईला गाड्यात बसवून माणसांनी ओढत शिवेपार नेऊन सोडायचं ही जुनी रीत. पुढच्या गावानं तो गाडा उघडून बघायचा नाही, परत लोटायचा नाही. देवीचा मान करायचा आणि मंगळवारी आपल्या पुढच्या शिवेवर नेऊन सोडायचा. कडू धुरानं लोक घाबरलेलेच होते, बायांनी आपणहून लुगडी-बांगड्या आणून दिल्या. गाडा निघाला तेव्हा लेकुरवाळीनं तो बघू नये म्हणून मला आत कोंडलं होतं. हलगी वाजत गेली आणि विझत गेली. ओसरीवर परत आल्यावर मामंजींनी हातपाय धुतले, फार दिवसांनी मोकळं वाटतंय म्हणाले आणि चहा मागितला. मला वाटलं, देवीला हळद लावून हात भरले असतील बिचाऱ्यांचे. माणूस देवाधर्माला लागला म्हणून मला बरंच वाटलं.

त्या आठवड्यात पोरगी बिघडली. पाजलं की ओकायची. मग हातपाय ताठ करून झटके द्यायला लागली. सासूबाईंनी मिठामोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी पुन्हा पाजायची, ती पुन्हा ओकायची, आणि मला वाटायचं पोर भुकेलीय, म्हणून मी आणखी पाजायची.

चाची आली ती सकाळी, परसाच्या बाजूनं. रेघेआतल्या माणसांनी गावात यायचं नाही असा मामंजींचा हुकूम होता, म्हणून ती भिंतीपलीकडंच उभी राहिली. पोर आजारी असल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. तिनं विचारलं, दूध कुठलं पाजतेस? मी म्हटलं, माहेरचं, ओढ्यापलीकडचं. तिनं तोंडावर हात ठेवला.

"बेटी, वो गाडे में देवी नै थी," ती म्हणाली. "लुगडे के नीचे वोईच पोतियां थीं, जली हुई. मेरी खोप के सामने से लेको गए. मैं आंखों से देखी."

मला लगेच काही उमगलं नाही. गाड्यात काही का असेना, गाडा शिवेवर आणि दूध आईच्या म्हशीचं, दोन्हीचा काय संबंध? तेवढ्यात पुढच्या दारानं वडील चरवी घेऊन आले. मी धावत जाऊन पहिलं विचारलं, गाडा कुठं आहे? वडिलांना आनंदच झाला. देवी आपल्या ओढ्याच्या काठावर बसलीय, असं म्हणाले. नातीच्या गावची देवी म्हणून तुझ्या आईनं अंगावरच घेतलंय, रोज ओलेत्यानं जाते आणि देवीला थंड करायला घागरीवर घागर पाणी ओतते. बाकीच्या बायाही ओततात. सगळं पाणी पांढरं होऊन ओढ्यात उतरतं, देवीचा ताप उतरतोय म्हणतात. मग म्हणाले की म्हैस मात्र परवापासून वैरणीला तोंड लावत नाही, लाळ गाळते, मान ताठ धरते, आजचं दूध थोडंच निघालं.

मरीआईला पाणी घालून थंड करायचं, हे माझ्या आईला तिच्या आईनं शिकवलं होतं. माझ्या पोरीला काही होऊ नये म्हणून माझ्या आईनं ते विष स्वतःच्या हातानं धुऊन ओढ्यात सोडलं, म्हशीनं ते प्यायलं, आणि मी ते वाटीनं माझ्या पोरीच्या तोंडात घातलं. आम्ही तिघी आपापल्या परीनं शहाण्यासारखंच वागलो होतो. आणि ज्यानं हे सगळं जुळवून आणलं तो माणूस ओसरीवर बसून कालच्या चरवीतल्या दुधाचा चहा बशीत ओतत होता.

सासऱ्यासमोर उभं राहून बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि जाऊन उभी राहिले. वडील मागं दारातच होते. मी सांगितलं की गाड्यातली पोती ओढ्यात धुतली गेली, म्हैस त्या ओढ्याचं पाणी पिते आणि तुमच्या बशीत तिचं दूध आहे.

मामंजींनी माझ्याकडं बघितलं नाही, बशीकडं बघितलं. मग बशी टाकली, अंगणात धावले, दोन बोटं घशात घातली आणि सगळ्यांदेखत ओकू लागले. नाकातून, तोंडातून, मिशांवरून चहा गळत होता. मधेच ओरडत होते, ती चरवी ओता, आधी ती चरवी ओता. मला पुरुषमाणसाची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती. ओकारीची नव्हे. गाडा सोडून आलेले हेच हात त्यांनी किती स्वच्छ धुतले होते, ते आठवून आली.

"दूध कुणी ओततं व्हय, मामंजी?" मी म्हणाले.

चरवी मी ओतली. वडिलांबरोबर पोर घेऊन तशीच निघाले, यजमान बैलगाडी जुंपून मागून आले. वाटेत माहेरी थांबून आईला गाड्यापासून लांब राहायला सांगितलं. ती अजून ओलेतीच होती, घागर कमरेवर. तिनं सगळं ऐकलं, घागर खाली ठेवली आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसली. म्हैस आम्ही परत यायच्या आत मेली. गाड्याचं मात्र मंगळवारी जे व्हायचं तेच झालं. वडील हातापाया पडले, आत देवी नाही म्हणाले, तरी गावानं तो पुढच्या शिवेवर नेऊन सोडला. आलेली देवी कोण ठेवून घेणार?

धाराशिवच्या दवाखान्यात पोरीला सुया दिल्या, दुधाऐवजी भाताच्या पेजेवर ठेवली. झटके हळूहळू थांबले. नजर स्थिर व्हायला मात्र वेळ लागला. मी तिच्यासमोर बोट हलवायची आणि ती भलतीकडंच बघायची. ज्या दिवशी ती बोटामागं वळली, त्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून रडले.

परत सासरी आले तेव्हा पोर खांद्यावर झोपलेली होती, चिपाडासारखी हलकी. चुन्याची रेघ पुसट झाली होती. चाची अजून रानातच होती. मामंजी ओसरीवर होते, मला बघून लगबगीनं उठून अंगणात आले. इतक्या वर्षांत ते कधी कुणा सुनेला सामोरे आले नव्हते. मला वाटलं, नातीला घेतील. मी तिचं तोंड त्यांना दिसावं म्हणून पदर बाजूला केला.

"डॉक्टरला इचारलं का," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मोठ्या मानसानं कपभर पिलं तर पुढं काय होतं?"

विचारलं नाही, असं मी म्हणाले, आणि पोरीला घेऊन आत गेले.