भाऊ वर्गात म्हणाला होता

मी आणि माझा मोठा भाऊ जळगावला एकाच वर्गात राज्यशास्त्रात एम.ए. करत होतो. बी.ए. झाल्यावर तो पारोळ्याजवळच्या आमच्या शेतात राबत राहिला, तोवर मी त्याच्या बरोबरीला आले. आबा, म्हणजे आमचे वडील, मला एकटीला शहरात पाठवायला तयार नव्हते. भाऊच म्हणाला, "मीही जातो, मग तर झालं?" त्याच्यामुळे मी शिकले, हे आधी सांगायला हवं.

शनिवारी दुपारी सर बाकं गोलात मांडायला लावायचे आणि एखाद्या सरकारी धोरणावर चर्चा घ्यायचे. मंडल, रोजगार हमी, वनजमिनी, कशावरही. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका वाटा देणारा कायदा राज्यात नुकताच आला होता. त्यावर चर्चा होती, त्या शनिवारी भाऊ असा बोलला की एरवी मागच्या बाकावर बसणाऱ्यांची कुजबुजसुद्धा थांबली.

"बहिणीला साडीचोळी करायची आणि वाटणीतून उठवायचं, याला आपण माया म्हणतो. ही लबाडी आहे."

साक्रीकडची एक मुलगी म्हणाली, "भाषण छान झालं. घरी द्याल का?"

भाऊने माझ्याकडे हात केला. "ही माझी सख्खी बहीण. हिच्यासमोर सांगतो, देणार."

वर्गाने बाकं वाजवली. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला मान वर करवेना, इतका अभिमान वाटला.

पुढे माझं लग्न झालं. मी धुळ्याला एका ज्युनियर कॉलेजात शिकवू लागले. भाऊ शेतीकडे परतला. मग आबा गेले, आणि काही महिन्यांनी भाऊ माझ्या घरी आला. पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला बसला.

"उद्या रजा टाक. हक्कसोडपत्रावर सही करायची आहे. म्हणजे जमिनीवर तुझं नाव लागायला नको."

मला वाटलं थट्टा करतोय. "भाऊ, वर्गात काय म्हणाला होतास?"

"ते वर्गातलं होतं गं. तुम्हा दोघांना पगार आहे. मी कापसावर जगतो." मग कप खाली ठेवत म्हणाला, "सरांनाही विचारून आलोय. ते म्हणाले, शिकलेल्या बहिणीने समजून घ्यायला हवं."

सरांचं मला खरं वाटेना. पुढच्या शनिवारी एस.टी.ने जळगाव गाठलं. बाकं तशीच गोलात होती, मुलं नवी होती. सरांना आनंद झाला. "ही आमची जुनी विद्यार्थिनी. महिला धोरणावर दोन शब्द बोल."

मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, माझ्या भावाला तुम्ही काय सल्ला दिलात?"

सरांचा चेहरा उतरला. "ते आपण नंतर बोलू. इथे वैयक्तिक विषय नको."

नंतर ते बोलले, व्हरांड्यात, घड्याळाकडे बघत. कायदा आपल्या जागी, नाती आपल्या जागी. कोर्टात जाऊन भावाला तोडू नकोस. ते असं समजावत होते, जणू मी कधी त्यांच्या वर्गात बसलेच नव्हते. परतीच्या एस.टी.त भावापेक्षा त्यांचाच जास्त संताप आला. भावाला शेत हवं होतं. यांना काय हवं होतं?

मी सही केली नाही. कोर्टातही गेले नाही. आबांचे वारस म्हणून सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि माझं, अशी तिन्ही नावं लागली. शेत भाऊ कसतो. दिवाळीला न्यायला यायचा, तो आलाच नाही. राखी पाठवली, पोचल्याचा निरोपही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई एकटीच धुळ्याला आली. आठवडाभर राहिली, पापड केले, शेताचं नावही काढलं नाही. निघायच्या सकाळी पिशवी भरताना म्हणाली, "सही करी दे, माय. त्यानी तुले इचारं तरी. मना भाऊस्नी माले इचारं बी नही."

मी तिला दोंडाईच्याच्या मामांबद्दल विचारणार होते. ते दर वर्षी आमच्याकडे यायचे, आई त्यांच्यासाठी पुरणाचे मांडे करायची. पण तिने पिशवीचे बंद बांधले आणि मला रिक्षा बोलवायला सांगितलं.