अप्पा वकिलांची चटई

२२ एप्रिल, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. उदगीर तालुक्यातल्या एका विहिरीत मी टेप सोडली आणि पाणी जमिनीपासून अकरा मीटर साठ सेंटिमीटरवर असल्याची नोंद केली. आदल्या आठवड्यात ते बारा मीटर वीसवर होते. दुष्काळात, पावसाचा थेंब नसताना, विहिरीतले पाणी आपोआप वर येत नसते. कोणीतरी उपसा थांबवलेला असतो.

"मोटर बंद आहे का?" मी शेतावरच्या माणिकरावांना विचारले.

"परवापासून बंद हाय, मॅडम. जनावरापुरतं पोहऱ्यानं काढून राहिलो."

"वीज नाही?"

"वीज हाय. वकील हायत ना!" असे म्हणून त्यांनी बांधावरच्या कडुनिंबाकडे हनुवटी केली.

कडुनिंबाखाली शिंदीच्या पानांची एक मोठी चटई अंथरलेली होती. तिच्या एका कडेला काळा कोट घातलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले, सत्तरीचे एक उंच गृहस्थ मांडी घालून बसले होते. समोर गावातली चार वडीलधारी माणसे होती. कोणीच बोलत नव्हते. मला वाटले बैठक संपली असावी. प्रत्यक्षात ती सुरूच झालेली नव्हती.

"लेक आली का?" गृहस्थांनी विचारले.

"येऊन राहिली, अप्पा. निलंग्याची एसटी रस्त्यात पंक्चर झाली म्हणं."

"मग बसू."

आणि सगळे बसले. ऊन चढले, सावली सरकली, तशी चटई सरकवली गेली. पण विषयाला कोणी हात घातला नाही. सिद्रामप्पा वकिलांना मी प्रथम पाहिले ते असे: काही न करताना.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कार्यालयांच्या पाट्या ताज्या रंगाच्या होत्या आणि आत टेबले कमी होती. मी भूगर्भशास्त्राची एम. एस्सी., मूळची उमरीची, भूजल सर्वेक्षणात नव्याने लागलेली. जिल्ह्याचा पहिला विश्वसनीय भूजल-नकाशा आपल्या हातून व्हावा अशी माझी महत्त्वाकांक्षा होती आणि त्या नकाशात वाट पाहण्यासाठी जागा नव्हती. तरीही त्या दिवशी मी थांबले. ज्या माणसाच्या एका शब्दावर ऐन दुष्काळात चालू वीज असताना मोटर बंद राहते, तो माणूस समजून घेण्यासारखा आहे, एवढे मला कळले होते.

मामला साधा होता. माणिकरावांचे वडील वारले होते, आई आधीच गेलेली. मागे माणिकराव आणि त्यांची थोरली बहीण इंदूबाई, अशी दोनच अपत्ये. सहा एकर जमीन वडिलांनी स्वतःच्या कष्टाने घेतलेली. त्यामुळे कायद्याने दोघांचा वाटा सारखा. परंतु कायदा आणि रिवाज यांच्यामध्ये आपल्याकडे एक साडी असते. बहिणीला बोलवायचे, साडीचोळी करायची, जेवू घालायचे आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. माणिकरावांच्या पिशवीत साडी तयार होती. इंदूबाई विधवा होत्या. दिरांनी घराबाहेर काढल्यापासून निलंग्यात एका खोलीत राहून दुसऱ्यांच्या रानात रोजंदारी करायच्या. पदरी एक शाळकरी मुलगी होती. सही केली तर माहेर टिकणार आणि पोट जाणार. नाही केली तर पोट टिकेल, माहेर जाईल.

साडेनऊच्या सुमारास त्या आल्या आणि चटईपासून पाच-सहा हात लांब, धोंड्यावर बसल्या. अप्पांनी त्यांना हाक मारली नाही. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि चटईचे एक टोक धरले. चौघे वृद्ध गडबडीने उठले. ती भलीमोठी चटई ओढत ओढत अप्पांनी इंदूबाईंच्या धोंड्यापर्यंत नेली आणि मग म्हणाले, "आता बसा, बाई. चटई आली तुमच्याकडं."

पुढे उदगिरात त्यांच्याच माडीवरच्या खोलीत मी दीड वर्ष भाड्याने राहिले, तेव्हा कळले की ही चटई त्यांच्या वकिलीचे मुख्य साधन होते. हैदराबादेत उर्दूतून कायदा शिकलेला हा माणूस अर्ज-दाव्यांत तरबेज होता. पण कोणी मेल्यानंतरच्या कामाला कोर्टात जाण्यापूर्वी तो त्या घरी जाई आणि चटई अंथरी. त्याचे दोन नियम होते. लेकी आल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, आणि वाटा ठरेपर्यंत मेलेल्याच्या मिळकतीला कोणी तोंड लावायचे नाही. "दहाव्याच्या आत लोक कपाटाच्या किल्ल्या शोधून राहतात," ते म्हणत. "अरे, मुर्दा अजून घरातून नीट गेला नाही. त्याला तसल्लीनं जाऊ द्या!"

एकदा उदगिरातल्या एका धान्य-अडत्याची विधवा रडत आली. नवऱ्याने मृत्युपत्र करून घर तिच्या नावे ठेवले होते. मुंबईच्या पुतण्याने तिला सांगितले, प्रोबेट आणल्याशिवाय तुझा कागद म्हणजे रद्दी.

"प्रोबेट म्हणजे काय हो, अप्पा?"

"मेलेल्या माणसाची सही खरी आहे, अशी कोर्टानं दिलेली गवाही. मुंबईत केलेला कागद असता, नाहीतर मुंबईतलं घर असतं, तर घ्यावंच लागलं असतं. कागद झाला उदगिरात, घर उदगिरात. इथं त्याची सक्ती नाही."

"मग तो खोटं बोलला?"

"खोटं नाही. तो त्याच्या गावचं खरं बोलला. सही करताना हजर होते ते दोन साक्षीदार जिवंत आहेत का? आहेत? मग त्यांना जपा. दूध-बिध पाठवा." ती रडता रडता हसली. मग ते गंभीर झाले. "मात्र बँकेतली ठेव त्या कागदात लिहिलेली नाही. ती कोर्टाच्या उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय हलणार नाही आणि तिच्यात पोरांचाही वाटा आहे. आणि पहिलं काम दुसरंच. त्यांचं कुणाचं देणं राहिलंय का ते विचारा. आधी मेलेल्याचं देणं, मग जित्यांचं घेणं."

एवढा किचकट कायदा इतक्या थोड्या शब्दांत मावतो, याचे मला त्या दिवशी विलक्षण आश्चर्य वाटले. बाई गेल्यावर त्यांनी मला एकदम विचारले, "बाई, उमरीला तुमच्या वडिलांच्या घरी तुम्ही कुठं बसता?" मी काहीतरी उत्तर दिले. पण पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले नाही. बाहेर, भावांच्या शेजारी बसले. बाबांनी चष्म्यावरून पाहिले आणि माझ्यासाठी जागा केली.

परंतु अप्पा खरे कळले ते त्या पहिल्याच दिवशी, विहिरीवर.

चटई हलल्यावर माणिकरावांनी साडीची पिशवी मागे सारली. "बरं आक्का, सही नको करू. तीन एकर तुझं, तीन माझं. वरचं मुरमाचं रान तू घे. विहीर माझ्या रानात येती, अन् झराबी माझ्याच अंगचा. ओढ्याकडून येतो."

वृद्धांनी माना डोलावल्या. झरा ज्याच्या अंगाने येतो, पाणी त्याचे, असा त्या गावाचा समज होता. पाण्याविना तीन एकर मुरूम म्हणजे इंदूबाईंना पुन्हा निलंग्याची रोजंदारी. त्या बोटाला पदर गुंडाळत राहिल्या.

"झरा कोणत्या अंगाचा, हे कुणी पाहिलं?" अप्पांनी विचारले.

"बाप सांगायचा की."

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. "बाई, तुम्ही सरकारच्या. खाली उतरता?"

दोराला धरून, दगडी पायटांवरून मी उतरले. ओढ्याकडचा कडा कोरडा ठणठणीत होता. त्याच्या समोर, डोंगराच्या अंगाला, काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये हातभर रुंदीचा लाल मातीचा पट्टा होता आणि त्याच्या वरच्या कडेने पाणी पाझरत होते. अर्थ स्पष्ट होता. पाणी वरच्या मुरमाड रानात मुरत होते आणि त्या थरावरून विहिरीत उतरत होते. इंदूबाईंच्या वाट्याला टाकलेले नापीक रान हीच या विहिरीची आई होती.

मी वर आले ती निष्कर्ष घेऊनच. "अप्पा, पाणी येतं ते—"

त्यांनी हात वर केला. "थांबा. आता माणिकला उतरू द्या."

"पण मी पाहिलंय ना! मी सांगते."

"तुम्ही सांगाल, तर तो हरून घरी जाईल. हरलेला भाऊ लई महाग पडतो, बाई."

माणिकराव उतरले. ते खाली बराच वेळ होते. वर आले तेव्हा दोन्ही तळवे लाल चिखलाने भरले होते. ते वकिलांकडे गेले नाहीत, माझ्याकडेही नाहीत. बहिणीसमोर उकिडवे बसले आणि तळवे तिच्यापुढे धरले.

"आक्का, तुझ्या मुरमातून येऊन राहिलंय गं."

एक म्हातारा पुटपुटला, "मग पाणी बाईचं झालं." गावाच्याच न्यायाने आता सगळी विहीर इंदूबाईंची ठरत होती. मी अप्पांकडे पाहिले. बाजी जिंकलेला वकील कसा दिसतो ते मला पाहायचे होते. अप्पा जमिनीकडे बघत होते. त्यांनी निवाडा दिला नाही. त्यांनी फक्त जागा मोकळी ठेवली.

इंदूबाईंनी भावाचा हात पदराने पुसला. "मी पाणी घेऊन काय करू रे, तुझी जनावरं मारू? एक दिस माझा, एक दिस तुझा. रान दोघांचं सारखं, विहिरीवर नाव दोघांचं." मग तिरक्या नजरेने पिशवीकडे बघत म्हणाल्या, "अन् ती साडी दे इकडं. सही न्हाई देणार; साडी घेणार."

सगळी चटई हसली. माणिकराव डोळे पुसत हसले. अप्पा मात्र उठून विहिरीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनी आत, पाण्याला, हात जोडले. मी विज्ञान शिकलेली मुलगी. चमत्कार या शब्दावर माझा विश्वास नाही. त्या क्षणासाठी मला आजतागायत दुसरा शब्द सापडलेला नाही.

मग ते वळले आणि एकदम वकील झाले. "उद्या दोघं तलाठ्याकडं. वारस नोंदीचा अर्ज, दोन्ही नावं. नोटीस निघेल, मुदत संपेल, फेरफार मंजूर होईल. सातबारा हातात पडेपर्यंत कुणी शहाणा मध्ये आला, तर त्याला माझ्या चटईवर पाठवा. लावा मोटर! आज कुणाची पाळी?"

"पहिली आक्काची," माणिकराव म्हणाले.

ती विहीर मी माझ्या निरीक्षण-विहिरींत कायमची घेतली. पुढे माझी बढती होऊन नांदेडला बदली झाली. तरी दर एप्रिलचे तिचे माप मी स्वतः घेत राहिले. अशाच एका कोरड्या एप्रिलमध्ये अप्पा गेल्याचा निरोप आला. मी उदगिरात पोचले तोवर त्यांना बसवलेल्या स्थितीत, विभूती लावून, समाधी दिली गेली होती. घरात थोरला मुलगा कपाटासमोर उभा होता. किल्ली कपाटालाच होती. पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "वकिलांनी मृत्युपत्र केलं असेल ना? बघा तरी." मुलाने किल्ली काढली, देवळीत ठेवली आणि ती जुनी चटई अंथरली.

"ताई बिदरहून निघालीय," तो म्हणाला. "बसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले. रान शांत होते. काठावर इंदूबाई बसल्या होत्या. शेजारी माणिकराव, हातात न पेटवलेली विडी.

"आज पाळी कुणाची?" मी विचारले.

"काल माझी होती, आज ह्याची," इंदूबाई म्हणाल्या. "दोघांनीबी लावली न्हाई मोटर. आमच्यापायी ते दोन दिस झाडाखाली बसले होते, बाई. आमी दोन दिस बसायचं न्हाई का?"

पलीकडे त्यांची भाजी उन्हात मान टाकत होती. मी टेप सोडली. कार्यालयाच्या मागच्या महिन्याच्या नोंदीत पाणी बारा मीटर दहावर होते. ओली खूण बोटाने धरून मी वाचले आणि लिहिले: अकरा मीटर बेचाळीस.