बुदैयातला ‘येतो’

पंचाहत्तर साली विमानातून बहरीन पाहिलं तेव्हा वाटलं, एवढ्या वाळूत ताई करते तरी काय? ताईच्या बुदैया गावात पोचल्यावर खजुराच्या बागा दिसल्या आणि माझी शंका फिटली. भावजी मूळचे देवरुखचे, इथे एका फ्रेंच बाईंचे ड्रायव्हर. बाईंच्याच आवारातल्या दोन खोल्यांत ताईचा संसार.

बाईंना सगळे मादाम म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या. खुबूस (तंदुरातली रोटी) ताईच्या सुरमईच्या कालवणात बुडवून मिटक्या मारत खायच्या. पहिल्याच दिवशी मलाही आग्रहाने वाढलं. फक्त शेजारच्या अमेरिकनाचं, हॅरीचं, नाव निघालं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा.

“असं का हो, भावजी?”

“हिटलरची लढाई सरली तेव्हा बाईंच्या गावात अमेरिकन पलटण होती. एक सोल्जर ह्यांच्या घरी जेवायचा. लगीन ठरलेलं. परत येतो म्हणून गेला, खलास.”

“आणि हॅरी?”

“हा दुसराच. पण तोपण तेव्हा सोल्जर, फ्रान्सातच. तेवढाच गुन्हा.”

वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! हॅरीने पाठवलेला केकसुद्धा परत जायचा. आता सित्रा बेटावरच्या तेलाच्या रिफायनरीतली त्याची नोकरी संपली होती. तो कायमचा मायदेशी निघाला होता, आणि जाण्यापूर्वी मादामनी एकदा तरी हात मिळवावा एवढीच त्याची इच्छा होती.

निघायच्या सकाळी तो फाटकाशी आला. मादाम ओट्यावरच उभ्या राहिल्या. हॅरीने ताईला हात जोडले आणि भावजींकडून उचललेला एकुलता एक मराठी शब्द म्हणाला, “येतो.”

“काय म्हणाला?” मादामनी विचारलं.

“आय कमिंग, मादाम,” भावजींनी शब्दाला शब्द ठेवला.

मादामचा चेहरा पडला. “पुन्हा तेच. जाताना येतो म्हणतात.” त्या आत वळल्या.

मला राहवेना. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, “मादाम, हे वचन नाही. आमच्यात ‘जातो’ म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. कायमचा निघालेलाही ‘येतो’च म्हणतो.”

त्या थांबल्या. “आणि मागे राहणाऱ्याने काय म्हणायचं?”

“या.”

मादाम हळूहळू पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी हात पुढे केला. “या,” म्हणाल्या. हॅरीने टोपी काढली. तो म्हातारा रडला आणि मला फार बरं वाटलं.

पंधरवड्याने माझी पाळी आली. “येते, मादाम,” मी म्हटलं. “या,” त्या म्हणाल्या, आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभ्या होत्या.

घराबाहेर पडताना मी आयुष्यभर ‘येते’ म्हणत आले, चपला पायात सरकवता सरकवता. आता आतून ‘ये’ ऐकू आल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.