मायचा पंप

लातूर नव्यानं जिल्हा झालं होतं आणि पाऊस मात्र जुन्या सवयीनं गैरहजर होता. जिल्हा झाल्याचा आम्हाला मिळालेला पुरावा म्हणजे धूळ. कचेरीचा पाया खणला की धूळ, साहेबाच्या जीपसाठी रस्ता उकरला की धूळ, उद्घाटनाचा मंडप ठोकला की धूळ. त्या दिवसांत कुणी 'पंप' असं नुसतं म्हटलं तरी चार माणसं वळून बघायची. पंप म्हणजे पाणी. आमच्या घरात मात्र पंप म्हणजे प्लास्टिकच्या खोळीत बसवलेला बोटाएवढा पत्र्याचा डबा. तो तोंडात धरून दाबायचा, म्हणजे दम्याचं औषध फवारून आत जातं. तो मायचा होता.

माय गावाहून माझ्याकडे आली ती दमा घेऊन, आणि परत जायचं आधीच ठरवून. गाव उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. मोटार फाट्यापर्यंत, पुढं पायी. तिथं आमच्या बौद्ध वस्तीत तिचं दोन खणांचं घर होतं, शेळ्या होत्या आणि हक्कानं भांडायला जावा होत्या. शहरात तिला मनासारखं भांडायला कुणी मिळेना. "मला गावाकडं सोड," हे पालुपद चहाच्या आधीच सुरू व्हायचं. डॉक्टरांची अट एकच होती. पंप स्वतःच्या हातानं नीट घेता आला पाहिजे; नाहीतर त्या गावात दम लागल्यावर दवाखान्यापर्यंत माणूस पोचणार नाही.

मग त्यांनी तिला पंप शिकवला. "दाबण्याची आणि श्वास आत घेण्याची क्रिया एकाच क्षणी व्हायला हवी. समन्वय महत्त्वाचा." मायनं सगळं कळल्यासारखी मान हलवली. घरी येऊन तिनं पदर बाजूला सारला आणि छातीवर दोन फवारे मारले.

"काय करलालीस माय?"

"दम छातीत हाय, तर छातीवरच मारावं की. तोंडात काय हाय?"

तोंडात धरायला लावलं तर दाबायच्या वेळी ती धसक्यानं श्वास रोखायची आणि औषधाचा धूर नाकातून बाहेर यायचा. वर तिचे अंगठे. आयुष्यभर खुरपं धरून वाकडे झालेले. तो डबा दाबायला जोर लागायचा, तो त्यांच्यात राहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "अडाणी माणसांना हे जमत नाही हो."

मला संताप आला, तो अजून पुरता उतरलेला नाही. ज्यानं ही वस्तू केली त्याच्या डोळ्यांपुढचा रोगी थंड खोलीत ताठ बसलेला असणार, अंगठे शाबूत, आणि दम लागला असताना समन्वय साधायला मोकळा. वस्तू अशी करायची आणि ती चालली नाही की अडाणी कोण, तर माय! मी पोटापाण्यासाठी पोरांना फिटरचं काम शिकवायचो. एखादा भाग बसत नसला तर माणसाला शिव्या देत नाहीत, भाग घासतात, एवढं मला कळत होतं.

सलाईनची रिकामी प्लास्टिकची बाटली आणली. तिची मान कापून कडा घासून गुळगुळीत केली. ती मायच्या तोंडाची बाजू. बुडाला तापल्या सळईनं भोक पाडून त्यात पंप घट्ट बसवला. म्हणजे आधी दाबायचं, औषध बाटलीत थांबणार, मग मायनं निवांत, आपल्या सवडीनं श्वास ओढायचा. समन्वयाला सुट्टी. अंगठ्यांसाठी मोडक्या सायकलचा ब्रेक लावला. मूठ आवळली की तरफ डब्यावर बसायची. धुळीसाठी दोन्ही तोंडांना खणाच्या टोप्या शिवल्या.

माय म्हणाली, "ब्रेक लावलास, आता घंटी बी लाव. दम लागला की वाजवते."

पहिली बाटली प्लास्टिकच्या वासानं नापास झाली. दुसरीत औषध भिंतीलाच चिकटून बसायचं. डॉक्टरांनी सांगितलं, साबणाच्या पाण्यात बुडवून काढा, पुसू नका, तशीच वाळू द्या. त्यानं फरक पडला, पण माय खवळली. "भांडी राखेनं घासलालाव आम्ही, अन् तुझ्या बाटलीला न्हाणं?" शेवटी आम्ही एक तांब्या पाण्यात बाटली धुवायचो आणि तेच पाणी संडासाला ठेवायचो. तिसरी बाटली पास झाली. मायनं मूठ आवळली, सावकाश श्वास ओढला, थोडं थांबून पुन्हा ओढला, आणि लगेच विचारलं, "मोटार किती वाजता हाय?"

अडचण एकच राहिली. पंप महिन्यात संपायचा आणि गावाजवळच्या उपकेंद्रात तो मिळत नव्हता. कुणीतरी सांगितलं, आता जिल्हा आपला झालाय, अर्ज करा. मी तो एका कचेरीच्या खिडकीत दिला. विषय लिहिला, 'वृद्ध महिलेस पंप मिळणेबाबत.' खाली मायचा गावचा पत्ता, आणि मग, 'सदर महिला पंपाविना जगू शकत नाही. पंप हाताने दाबण्याचा आहे. परिसरातील इतरांसही त्याचा लाभ होईल.' दमा हा शब्द त्यानंतर होता. तिथपर्यंत वाचायची पद्धत नव्या जिल्ह्यात अजून सुरू व्हायची होती.

माय बाटली आणि दोन पंप घेऊन गावी गेली. दुसरा पंप संपत आला तसा मी नवा घेऊन गेलो, तर वस्तीत आमच्या घरासमोर बोअरची गाडी उभी, आणि लातूरहून आलेला एक साहेब छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेला.

आमची वस्ती हातपंप मागत होती, ती आमचा जिल्हा दुसरा होता तेव्हापासून. जुन्या जिल्ह्याला मागून झाला, नव्याला मागून झाला. मिळाला नाही. गावच्या विहिरीवर आमच्या बायकांनी घागर लांब ठेवायची, उभं राहायचं, आणि कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. दुष्काळात दयाही आटते. आणि आता न सांगता गाडी दारात!

"अर्ज कुणी लिहिला?" साहेबानं कौतुकानं विचारलं. "'पंपाविना जगू शकत नाही.' वरच्यांना फार आवडलं ते वाक्य."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात गाडी सुरू झाली. खडकाचा पांढरा भुगा सगळ्या वस्तीवर उडाला. माय उंबऱ्यात बसलेली. तिला खोकला आला, मग खोकलाही येईना. मान ताणून ती हवा शोधायला लागली, ओठ काळसर झाले. मी धावलो. मला भीती वाटली, ती अशीच माझ्या हातात जाईल. बाटलीला हात घातला, तर तिनं तो झटकला आणि स्वतः टोपी काढली, स्वतः मूठ आवळली. एकदा. थोड्या वेळानं परत एकदा. साहेब बघत होता.

"हे काय यंत्र आहे?"

"पंप," मी म्हणालो.

साहेबानं मायकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं. मी पुढं बोलणार, तर मायनं बाटली तोंडात असतानाच माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी पलीकडं बायका ओरडल्या. भुगा ओला झाला होता. चिखल आला, मग गढूळ पाणी. साहेबानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्यालाही जिल्ह्यात एक चालू पंप दाखवायचा होता.

श्वास आल्यावर माय म्हणाली, "कागद दुरुस्त करू नको. हे लोक चुकून आलेत. कळलं तर पाइप उपसून न्हेतील."

"आणि तुझा पंप?"

"तू हायस की."

तरी मी लातूरला येऊन नवा अर्ज केला. या वेळी शहाणा होऊन विषयातच लिहिलं, 'तोंडात धरण्याचा पंप.' उत्तर चटकन आलं. 'सदर महिलेस यापूर्वीच पंप देण्यात आलेला आहे. एका व्यक्तीस दुसरा पंप देय नाही.'

ते मी मायला हातपंपाजवळ उभा राहून वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला दम लागला आणि बाटली घ्यावी लागली. मला हसू येत नव्हतं. मला त्या कचेरीत जाऊन टेबल उलटं करावंसं वाटत होतं. मी म्हणालो, "माय, उद्या जातो आणि खरं काय ते सांगतो. एखाद्या दिवशी मला यायला उशीर झाला तर? तू मरशील इथं."

मायनं बाटलीला टोपी घातली. हातपंपावर बायकांची रांग होती. दांडा वर-खाली होत होता आणि घागर कुणाच्या दयेशिवाय भरत होती.

"जा की," माय म्हणाली. "पर आधी ह्या बायांना सांग, कशाला चाललास ते."

मी रांगेकडे बघितलं. जावेनं तेवढ्यात तांब्याभर पाणी आणून मायपुढं ठेवलं, बाटली धुवायला. मी पिशवी उचलली आणि फाट्याकडे निघालो. लातूरला पोचून औषधाचं दुकान बंद व्हायच्या आत पुढच्या महिन्याचा पंप घ्यायचा होता.