लेह, सात तास

उजळाईवाडीच्या माळावरच्या विमानतळाची राखण करणारे दस्तगीरचाचा धावपट्टीवर शिरलेल्या म्हशींना प्रवासी समजूनच बोलत. "चला, उतरा खाली! इमान यायचं हाय!" विमान महिना महिना येत नसे. आलंच तर कुणा बड्या माणसाचं, आणि ते उडालं की माळावर पुन्हा चाचा आणि म्हशी.

सत्तरनंतरची वर्षं होती. मी बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर. महिन्यातून एकदा सायकल मारत धावपट्टी तपासायला जायचो. तपासायचं काय, कपाळ! भेगांतलं गवतसुद्धा चाचांनी उपटलेलं असे. काम पाच मिनिटांचं, पण चाचा दोन तास सोडत नसत. बायको वारलेली, एकुलता युसूफ लष्करात, लेहच्या विमानतळावर. बोलायला माणूस नव्हता. कधी कधी मी कंटाळून लवकर निघायचो. त्याची आज लाज वाटते.

युसूफ तिथे धावपट्टीवरचा बर्फ काढायचा. चाचांना त्याचं फार कौतुक. "त्यो तिकडं बरफ काढतोय, मी हिकडं म्हसरं काढतोय. धंदा एकच की!"

एकदा त्यांनी विचारलं, "सायब, हितनं उडालं तर लेह किती लांब?" पुढच्या खेपेला मी शाळेचा नकाशा नेला आणि पट्टी लावून हिशेब केला. "सरळ रेघेत दोन हजार किलोमीटरला थोडं कमी, चाचा. डाकोटा विमानाला सात-आठ तास."

"सातच धरा की," चाचा म्हणाले. बाजारात घासाघीस करावी तसे.

पुढे युसूफचं पत्र आलं, सोमवारी सकाळी सुट्टीवर निघतोय म्हणून. त्या सोमवारी दुपारी मी गेलो, तर चाचा धुतलेला सदरा घालून धावपट्टीच्या टोकाला उभे. मला राहवलं नाही. "चाचा, असं विमान नाही हो. आधी लष्करी विमानानं चंदीगड, मग रेल्वे. पाच दिवस लागतील."

"म्हाईत हाय की. येडा हाय व्हय मी?" चाचा म्हणाले. "पर पाच दिवस म्हटलं की पोरगं परमुलखात गेल्यागत वाटतंय. सात तास म्हटलं की शेजारच्या गावात हाय."

त्या खेपेला बर्फानं वाट अडवली आणि सुट्टी रद्द झाली.

पुढच्या थंडीत चाचांनी अंथरूण धरलं. मी युसूफला तार केली. दवाखान्यात यायला चाचा तयार होईनात. खाट धावपट्टीच्या टोकाला टाकायला लावली आणि तीन दिवस उत्तरेकडे बघत पडून राहिले. "सायब, म्हसरं तेवढी हाकला," एवढंच बोलत. मी सरकारी ओव्हरसियर, तीन दिवस म्हशी हाकल्या. चौथ्या सकाळी, उघड्या डोळ्यांनीच, ते गेले. दफन त्याच दुपारी झालं.

तार केल्यापासून सहाव्या दिवशी युसूफ उतरला. स्टेशनवर मीच गेलो होतो. टांग्यात बसता बसता मी त्याला चाचा गेल्याचं सांगितलं. मग खाली बघत त्यानं विचारलं, "सायब, अब्बा माझी वाट बघत हुते काय?"

"नाही रे," मी म्हणालो. "झोपेतच गेले."