शिळा भाव

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. माझ्या भाऊजींनी कामठीतले आपले यंत्रमाग विकले, ते माझ्या एका हिशेबावर विसंबून. तो हिशेब चुकीचा आहे हे मला माहीत होतं. नंतर कळलं असं नाही. व्यवहार व्हायच्या आधी, त्याच दुपारी, मला माहीत होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजात गणित शिकवायचो आणि संध्याकाळी रामदासपेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रोग्रामिंग. दुपारी मशीन रिकामं असलं की मालक मला वापरू द्यायचे. शेअरचं खूळ तेव्हा नागपुरात नव्यानं शिरलं होतं. बँकेत, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, जिकडे तिकडे तेच. माझ्याजवळ लावायला पैसा नव्हता, पण मला नियम शोधायचा होता. भाव मागच्या महिन्याच्या सरासरीच्या वर गेला की घ्यायचं, सरासरीखाली उतरला की विकायचं. तेवढंच. हा नियम जुन्या भावांवर चालवायचा आणि बघायचं, तेव्हा आपण असं वागलो असतो तर काय हाती लागलं असतं. वाचनालयात मुंबईच्या पेपरांच्या चळती होत्या. त्यातून काही छोट्या गिरण्या आणि सिमेंट कंपन्यांचे बाजार बंद होतानाचे भाव मी उतरवून आणायचो आणि मशीनमध्ये भरायचो. प्रोग्राम चालवला की काळ्या पडद्यावर हिरव्या फुल्यांची रेघ वर-खाली होत सरकायची आणि शेवटी नफा यायचा. कुठलीही कंपनी घ्या, नफाच.

हे मी ताईला सांगितलं, तिनं भाऊजींना. भाऊजी लग्नापासून माझी टर उडवत आलेले. "आमचे साळेबुवा पोट्ट्यायले पाढे शिकवते आन त्याचा पगार घेते, बाप्पा!" असं चारचौघांत म्हणायचे. पण या वेळी टर उडवली नाही. माग त्यांना जड झाले होते. सूत महाग, लाईन कधी जाईल याचा नेम नाही, व्यापारी माल उधारीवर उचलणार. शेजारच्या एकानं माग मागितलेच होते. इसाराची रक्कम घेऊन तो त्या संध्याकाळी घरी येणार होता. त्याला हो म्हणून तो पैसा शेअरमध्ये लावायचा की नाही हे भाऊजी माझं मशीन बघून ठरवणार होते.

ते चारला यायचे होते. शेअर घ्यायचे कसे ते आधी विचारून ठेवावं म्हणून दुपारी मी सीताबर्डीवर एका दलालाकडे गेलो. मुंबईला ट्रंककॉल लावून तो लोकांचे सौदे करायचा. मी त्याच्यासमोर पेपर ठेवला, म्हटलं, हा भाव सरासरीवर गेलाय, या भावानं घ्यायचे आहेत.

तो पेपर न बघताच हसला. "सर, हा भाव कधीचा?"

"आजच्या पेपरातला."

"म्हणजे परवाचा. हा पेपर इथी येते एक दिवस शिळा. आता मी फोन लावीन, लागला तं उद्या सौदा होईन. गाडी निघून गेली न सर, आन तुम्ही तिचं तिकीट मागून राहिले!"

दुकानातली माणसं हसली. मीही हसलो. हसता हसता लक्षात आलं. माझा प्रोग्राम ज्या दिवशी भाव वर जायचा, त्याच दिवशी, त्याच भावानं घ्यायचा. मुंबईत बाजाराच्या दारात उभ्या असलेल्या माणसालाही ते जमलं नसतं; बंद होतानाचा भाव कळेपर्यंत बाजार बंद झालेला असतो. आणि पेपर शिळा येतो हे काय मला ठाऊक नव्हतं? रोज तोच तर वाचत होतो. पण वाचनालयातल्या चळतीत सगळे पेपर सारखेच जुने. कुठला भाव आपल्यापर्यंत कधी पोचला असता, हा प्रश्न तिथं बसून कधी पडलाच नाही.

क्लासमध्ये येऊन मी प्रोग्रामची एक ओळ बदलली. खरेदी-विक्री तीन दिवसांनंतरच्या भावानं. फुल्या होत्या तशाच सरकल्या. खाली नफ्याच्या जागी तोटा आला. दुसरी कंपनी घेतली. तोटा. तिसरीत जेमतेम दलाली सुटत होती. त्या थंड खोलीत माझी पाठ घामानं भिजली.

बाहेर चपलांचा आवाज झाला. मशीनच्या खोलीत धूळ नको म्हणून पादत्राणं बाहेर काढावी लागत.

"देवळावानी काम आहे वं हे," भाऊजी ताईला म्हणत होते. "नारळ आणा लागत होता."

"चुप बसा तुमी," ताई म्हणाली.

फोटो काढायला बसल्यासारखे गुडघ्यांवर हात ठेवून ते माझ्या बाजूला बसले. थोडा वेळ पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "दाखवा, सर."

बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा सर म्हटलं होतं. त्यात थट्टा किती होती ते मला आजही सांगता येत नाही. थट्टा नसावी. ते 'सर' गमवायला मी तयार नव्हतो, एवढंच खरं कारण. बाकीची कारणं मी नंतर शोधली. मी ती एक ओळ परत होती तशी केली आणि प्रोग्राम चालवला.

रेघ चढत गेली. खाली नफा आला. ताईनं हात जोडले.

भाऊजींनी मात्र मान हलवली नाही. "एक सांग गा," ते म्हणाले, "तू अठी बसून सारं पाह्यते. याच्यात चुकाची जागा कुठी आहे?"

"काय?"

"लुगड्यात कुठंतरी धागा तुटतेच. याच्यात कुठी तुटते ते सांग. मंग मी पाहीन."

"सांग ना गा," ताई म्हणाली. "हे आठ दिवसांपासून धड जेवतबी नाही."

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणालो, "नाही भाऊजी. चूक नाही याच्यात."

त्यांनी सुस्कारा सोडला, हसले, माझ्या पाठीवर थाप मारली. पाठ ओली लागली असणार. संध्याकाळी इसार घेतला.

पुढचं वर्ष सरायच्या आत मागांचे पैसे शेअरमध्ये संपले. शेजाऱ्यानं माग त्याच शेडमध्ये ठेवले होते. भाऊजी त्याच्याकडे मजुरीनं त्याच मागांवर उभे राहिले आणि हात चालेपर्यंत राहिले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट कुणी माझ्यावर घसरलं की म्हणायचे, "त्याले काहून बोलता? हिशेब बरोबर होता त्याचा. मी खोदून खोदून इचारलं होतं. आपलंच नशीब उलटं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, ताट समोर असताना, आणि जेवत राहिलो आहे.

भाच्यांची फी मी भरली. ताई त्याला भावाची माया म्हणते. मीही बरीच वर्षं त्याला परतफेड समजत होतो. पण पैसे मी त्यांचे बुडवले नव्हते, ते बाजारानं बुडवले. मी बुडवलं ते वेगळं आहे, आणि ते फीमध्ये वळतं होत नाही.

भाऊजी आता थकले आहेत, पण ऐकू स्वच्छ येतं. त्यांनी विचारलं होतं, चूक कुठे आहे. मला ती माहीत होती आणि मी नाही म्हणालो. कामठीला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, हे त्यांना सांगणं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.